झोपून वाचायचा चष्मा

मोताळ्याला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि माझा राग कायम नाकावर असतो. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण पुढे दोन्हींचं काम पडणार आहे.

गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला आठ दिवस राहिले असताना माझे बाबा गावच्या बुद्धविहारातला पंखा पुसायला स्टुलावर चढले. वय पंच्याहत्तर. वर्षावास सुरू होणार, माणसं रोज संध्याकाळी ग्रंथ ऐकायला येऊन बसणार, मग पंख्यावर धूळ कशी चालेल, हे त्यांचं म्हणणं. पंखा पुसून झाला आणि उतरताना स्टूल निसटलं. मानेच्या मणक्याला चीर गेली. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला आणि सांगितलं, तीन महिने उताणं पडून राहायचं, उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही, वळवायची नाही. हातपाय चालत होते, हेच नशीब म्हणायचं. मी दुकानाला कुलूप घातलं आणि जानेफळला माहेरी आले. म्हटलं, आठ-दहा दिवस राहीन.

बाबा ग्रामपंचायतीत शिपाई होते, पण गावात त्यांना ओळखतात ते वाचणारे बाबा म्हणून. वर्षावासाचे तीन महिने विहारात ग्रंथ वाचायचा तो त्यांनीच, अशी चाळीस वर्षं गेली. शेतातून आलेल्या बाया हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन बसायच्या. माझी माय पहिल्या रांगेत. तिला अक्षर येत नाही, पण बाबांनी एखादं वाक्य गाळलं तर मान वर करून बघायची. तेवढं पुरे व्हायचं, बाबा मागे जाऊन ते वाक्य घ्यायचे.

बाबा खाटेवर पडले आणि वाचनाचा बट्ट्याबोळ झाला. आधी एका शिकलेल्या मुलाने चार दिवस वाचलं, मग त्याला नोकरीचं बोलावणं आलं. मग मी पुढे झाले. माझं वाचणं म्हणजे मशीनवर सरळ टीप मारावी तसं, सुरू केलं की थांबायचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, बाई, तू चांगलं वाचतेस, पण समजत काही नाही. मला आला राग. घरी येऊन मी बाबांपुढे तणतणले.

त्यांनी स्वतःही करून पाहिलं होतं. ग्रंथ दोन हातांनी तोंडावर धरायचा. तो केवढा जाड! पाच ओळी होत नाहीत तोच हात थरथरायचे, आणि एकदा तर ग्रंथ धाडकन नाकावरच पडला. मी म्हटलं, मोबाईलवर ऐका, सगळं मिळतं आता. त्यांना ते नको होतं. हळूहळू जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. एक दिवस मी वरण भरवत होते, तर म्हणाले, "वाचनारा मानूस होतो मी. आता काय, पडेल मानूस, खाटेवरचा." मी वाटी खाली ठेवून न्हाणीत गेले आणि रडून घेतलं.

अशात पुण्याच्या भावाने घरच्या ग्रुपवर चित्रं पाठवली. शंभर वर्षांपूर्वीचे वेडे शोध, असं वर लिहिलेलं. एकच मोठं चाक आणि आत बसून गाडी चालवणारा माणूस. खिडकीबाहेर टांगलेला पिंजरा आणि त्यात हवा खाणारं तान्हं बाळ. अख्खं कुटुंब बसेल अशी सायकल, आणि तिच्यावर, घ्या, शिलाई मशीन! धावत्या सायकलवर ती बाई काज करणार की बोट शिवून घेणार, कोणाला माहीत. मी खाटेजवळ बसून एकटीच खिदळत होते. काय आहे, म्हणून बाबांनी विचारलं, तर मी मोबाईल त्यांच्या तोंडावर धरला आणि एकेक चित्र सरकवत गेले.

एका चित्रापाशी त्यांनी माझं मनगट धरलं. एक माणूस पलंगावर सपाट झोपलेला, डोळ्यांवर डबीसारखा जाड काचेचा चष्मा, आणि पोटावर उभं पुस्तक. मान न उचलता वाचायचा चष्मा! मला हसू आवरेना. काय एकेक आळशी माणसं होती, म्हटलं.

बाबा हसले नाहीत. "याच्यावर हासू नको वं," म्हणाले. "ज्यानं हे केलं, त्याच्या घरी कोनीतरी खाटेवर पडेल असंन."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. लाज वाटली मला. मेहकरला जाऊन मी चष्म्याच्या दुकानात विचारलं, तर दुकानदाराने असं काही मिळतं हेच कधी ऐकलं नव्हतं. मग म्हटलं, आपणच करू. जन्म गेला मापं घेण्यात, बाबांच्या नाकाचं माप काय अवघड आहे?

त्यांचा जुना चष्मा घेतला. बाजारातून खिशातला आरसा आणला, अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, आणि आरसा चष्म्यापुढे छपरासारखा तिरपा बसवला. आरसा कधी घसरायचा, कधी पुठ्ठा वाकायचा. पाच वेळा उसवलं, पाच वेळा जोडलं. घालून बघावं तर बाबांचा नंबर एवढा की मला गरगरायला लागलं, म्हणून म्हटलं, जाऊ दे, बघणाऱ्याने बघावं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशातली मी. पोटाशी पाट तिरपा टेकवून त्यावर ग्रंथ उभा केला, चष्मा चढवला आणि विचारलं, दिसतं का?

बाबांनी आधी आरशात पाहिलं, मग डोळे फिरवून माझ्या तोंडाकडे. मग म्हणाले, "दिसते."

आणि वाचायला लागले! तोच आवाज, तेच थांबणं. माय चुलीपुढून उठून पिठाच्या हातांनी आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. दुसऱ्या दिवसापासून वाचन आमच्या घरी सुरू झालं. बाया ओसरीवर, पोरं अंगणात, आणि बाबा खाटेवर. मी बाजूला बसायची, त्यांनी बोट उचललं की पान उलटायची. बाबा पुन्हा दोन भाकरी खायला लागले. मी तर गावभर सांगत फिरले, चष्मेवाल्याला जमलं नाही ते मी केलं म्हणून. भावाला चष्म्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, हास आता.

नवव्या का दहाव्या दिवसाची गोष्ट. पावसाळी हवेने पानं चिकटलेली होती, आणि माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली. लक्षात आलं तेव्हा मी पानावर नजर टाकली. बाबा जे वाचत होते ते त्या पानावर नव्हतंच. ते मधल्या पानावर होतं, जे मी चुकून ओलांडलं होतं. बाबा मात्र अडखळले नाहीत की थांबले नाहीत. त्यांनी बोट उचललं आणि मी पुढचं पान उलटलं.

सगळे गेल्यावर मी चष्म्यावरचा आरसा सोडवला आणि खाली आडवी होऊन माझ्या डोळ्यांपुढे धरला. सगळी अक्षरं डोकं खाली, पाय वर. शिरोरेघ खाली गेलेली, काना-मात्रा खाली लोंबलेल्या. एकाही ओळीचा अर्थ लागेना. ग्रंथ उलटा धरून पाहिला, तर अक्षरं उभी राहिली पण डावी-उजवी फिरली.

मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. माय पाणी भरायला गेली होती, तेवढ्यात तोंडाला येईल ते बोलले. दहा दिवस मला येडी बनवलं, मी गावभर मिरवत होते, एकदा सांगता येत नव्हतं का, पाठ म्हणायचं होतं तर हे सोंग कशाला?

"तू लई खुश होती," ते म्हणाले. "कसं सांगू वं तुले?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचा हात धरून ठेवला. मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की चाळीस वर्षांच्या वाचनात निम्मा ग्रंथ पाठ झालाय, पण निम्माच. पुढचा भाग दरवर्षी कापसाच्या आणि सोयाबीनच्या धावपळीत उरकला जायचा, तो काही डोक्यात बसला नाही. कुठल्या पानापर्यंत येतं, तेही त्यांना ठाऊक होतं. तिथवर आता तीन दिवस उरले होते. हे माहीत असून ते रोज संध्याकाळी चष्मा चढवत होते. ते पान संपल्यावर काय करणार होता, असं विचारलं तर म्हणाले, मग सांगितलं असतं की डोळे गेले.

पहिला दिवस मी नुसती चिडचिड करण्यात घालवला, आणि संध्याकाळी आरसा पुन्हा चष्म्यावर चढवून दिला. दुसऱ्या दिवशी मायचं झंपर दुरुस्त करत होते. बाही उलटी जोडली होती कोणीतरी, बहुतेक मीच. उलटी बाही पुन्हा उलटी केली की सुलटी होते, हे काय मला कोणी शिकवायला हवं? आरशानं उलटं केलेलं दुसऱ्या आरशानं पुन्हा उलटं केलं तर? मी तशीच उठले. दुसरा आरसा आणला, दोन्ही एकमेकांकडे तोंड करून धरले, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे, आणि कमीजास्त करत बसले. कधी माझंच नाक दिसे, कधी पत्रा, कधी माय. तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर एका कोनात ओळ सरळ उभी राहिली. शिरोरेघ वर, काना-मात्रा जिथल्या तिथे.

पण दोन आरशांचं ओझं नाकाला पेलेना. मग चष्म्यावर लावायचं सोडलं आणि आरशांचा डबा करून तो ब्लाऊजच्या इलॅस्टिकने मच्छरदाणीच्या काठीला टांगला. तेवढ्यात बाया यायला लागल्या. तपासून बघायला वेळच राहिला नाही. मी डबा बाबांच्या चष्म्यापुढे आणला आणि कानाशी लागून विचारलं, दिसतं का?

"दिसते," बाबा म्हणाले.

आता या 'दिसते'वर मी काय भरोसा ठेवणार? पहिलंही असंच होतं. बाबांनी सुरुवात केली, नेहमीसारखीच न अडखळता, आणि मी समजले की पाठ आहे तेच चाललंय. एक पान झालं, दुसरं झालं. त्यांनी सांगितलेलं पान आलं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पानाची शेवटची ओळ संपली, बोट वर झालं आणि मी पान उलटलं.

बाबा थांबले. ओसरीवर कोणीतरी खोकलं. एक पोर कुजबुजलं आणि त्याला आईने गप्प केलं. मी बाबांच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले, पण आवाज आला नाही.

मग पहिला शब्द आला. मग दुसरा. पहिलीतलं पोर बोट ठेवून वाचतं तसे बाबा वाचत होते. जोडाक्षरापाशी थांबायचे, मनात जुळवायचे आणि मग मोठ्याने म्हणायचे. मी पानावर पाहिलं. प्रत्येक शब्द तिथेच होता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि मी त्या पुसल्याही नाहीत, कारण एक हात पानावर होता आणि दुसरा पाटावर.

मायला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती नेहमीसारखी मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. शेवटी तिच्याने राहवेना. पायाला हात लावून काळजीने म्हणाली, "आज काऊन इतकं थांबून थांबून वाचून राह्यले? बरं नाही काय?"

"बरं आहे," बाबा म्हणाले. "आज दिसून राह्यलं ना, म्हनून."

आणि त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली.