पाच स्पीकर आणि उघडे दार

माझ्या घरातील ध्वनियंत्रणेविषयी आमच्या इमारतीत जे सांगितले जाते, त्यातले एकही वाक्य मला मान्य नाही. शेजारीण सांगते की पत्नी गेल्यावर घर खायला उठले, म्हणून मी हा पसारा मांडला. मुलगा सांगतो की माझे कान गेले आहेत. सोसायटीचा सेक्रेटरी दोन्ही कारणे एकत्र करतो आणि वर 'वय झालं' असे जोडतो. ज्याची गोष्ट आहे त्याला मात्र कोणी विचारले नाही.

प्रथम कानांविषयी. ऐन उमेदीची वर्षे मी परळच्या एका गिरणीच्या साचेखात्यात काढली. मागांचा खडखडाट असा की शेजारच्या माणसाचे बोलणे ओठांवरून वाचावे लागे. त्या खडखडाटाने कान बधिर झाले, असा मुलाचा युक्तिवाद आहे. वस्तुस्थिती उलट आहे. धागा तुटला की मागाचा आवाज किंचित बदलतो, आणि त्या गदारोळात तो बदल ज्याला ऐकू येतो तोच विणकर. गिरणी बंद पडल्यावर गिरगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रिते तपासली. तिथे डोळे झिजले, कान नाहीत.

मुलगा ठाण्याला राहतो. दिवाळीत त्याने मोठा टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला. चित्र भिंतभर आणि आवाज काडेपेटीत कोंडलेल्या माशीचा.

"याला नीट आवाज हवा," मी म्हणालो.

"बाबा, साउंडबार घ्या. टीव्हीखाली एक पट्टी लावली की विषय संपला."

"पट्ट्या शाळेत वापरतात."

तो हसला आणि सासुरवाडीला जायचे म्हणून लवकर निघाला. ते काम मी एकट्याने पूर्ण केले, हे इथे नोंदवतो. कारण हल्ली तो ठाण्यात 'आम्ही बाबांना होम थिएटर करून दिलं' असे सांगत असतो.

माझे निवृत्तिवेतन तुटपुंजे, म्हणून एकेक वस्तू सवडीने जमवली. सर्व स्पीकरांना आपापला वाटा देणारा रिसीव्हर लॅमिंग्टन रोडवर जुना मिळाला. दुकानदार म्हणाला, "चाचा, नया लो ना. वॉरंटी मिलेगी." मी त्याला विचारले, "माझी वॉरंटी देता का? तेवढ्यापुरता हा पुरेल." पुढचे दोन स्पीकर गिरगावातल्या एका कुटुंबाने घर आवरताना विकायला काढले होते. मधला, संवादांचा, तेवढा नवा घेतला. संवादात काटकसर मला जमत नाही. मागचे दोन लहान, तेही जुने. या पाचांखेरीज खर्जासाठी नुसता मोठा स्पीकर घेतला आणि रे रोडच्या वखारीतून जाड प्लायवुड आणून चिंचपोकळीच्या सुताराकडून त्याचे खोके करवून घेतले.

सर्व जोडल्यावर लक्षात आले की मागच्या कोऱ्या भिंतीवरून आवाज उलटून येतो आहे. हिंदमाताला जाऊन जाड पडद्याचे कापड पाहिले, ते परवडेना. तेव्हा पत्नीने शिवलेली गोधडी त्या भिंतीवर टांगली. शेजारणीची कथा इथून सुरू झाली. ती मूळची मालवणची, चाळीतही आमच्या शेजारीच होती. वाटीभर सोलकढी घेऊन आली आणि गोधडीकडे पाहत उभी राहिली.

"भावजी, समजता माका. एकट्याक घर खावक उठता."

"घर खात नाही. आवाज परत फेकतं."

"ताच ता," ती म्हणाली आणि वाटी ठेवून गेली.

ते तेच नाही. गोधडी आवाज पिते. रेशमी शालू पीत नाही, म्हणून पत्नीचा शालू कपाटात आहे. आठवणीसाठीच टांगायचे असते तर मी शालू टांगला असता.

आता मूळ मुद्दा. लालबागमधली आमची चाळ पाडून त्याच जागेवर हा टॉवर उभा राहिला. माणसे बरीचशी तीच आहेत. चाळीत पहिला टीव्ही आला तो आमच्या खोलीत. दुसऱ्या मजल्यावरचे एक कुटुंब अजूनही तो मान आपल्याकडे घेते. त्यांच्याकडे तो नंतर आला आणि अँटेना लावायला मीच गेलो होतो. तर, टीव्ही पाहायला या असे कोणी कोणाला म्हणत नसे. बोलावणे लग्नकार्याला. दार उघडे आणि सतरंजी अंथरलेली दिसली की लोक चपला काढून आत येत. पुढे मुले, मागे बायका, पुरुष उंबऱ्याला टेकून. जो हाका मारून माणसे गोळा करी, त्याच्याविषयी 'याच्याकडे कोणी फिरकत नाही वाटतं' असे म्हटले जाई.

मी त्याच रीतीने तयारी केली. रिसीव्हरसोबत एक लहान माइक मिळतो. ऐकणारा जिथे बसणार तिथे तो ठेवायचा. मग प्रत्येक स्पीकर शीळ घालतो आणि यंत्र स्वतःचे मोजमाप घेते. एकच माणूस ऐकणार असेल तर एक जागा पुरते. मी सतरंजी अंथरली आणि पुढे, मागे, कोपऱ्यात, दाराजवळ, यंत्राने विचारल्या तेवढ्या सगळ्या जागा दिल्या. सकाळी दूध जास्त घेऊन ठेवले. रविवारी दुपारी जेवणे उरकल्यावर दार सताड उघडे ठेवले आणि एक युद्धपट लावला.

विमान मागच्या भिंतीतून आले, डोक्यावरून गेले आणि पडद्यात शिरले. इतके अचूक की मी स्वतः मान खाली घातली.

बराच वेळ कोणी आले नाही. मग सेक्रेटरी आला. चाळीत असताना हा माझ्या मांडीवर डोके टेकून क्रिकेटच्या मॅचमध्येच झोपून जायचा. आता तो चपला न काढता दारातच उभा राहिला.

"काका, दार लावा ना जरा."

"का?"

"ग्रुपवर मेसेजवर मेसेज. विमान घरात घुसतंय म्हणतात."

"मग बरोबर लागलंय. ते घुसायलाच हवं."

"मस्करी नाही काका. पार वरच्या माळ्यापर्यंत जातंय."

"दार उघडं कशाला ठेवतात, ते तुला मी सांगायचं?"

त्याने रिकाम्या सतरंजीकडे पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाला, "काका, आता असं कोण कोणाकडे जातं? ग्रुपवर टाका ना, पिक्चर लावलाय, या म्हणून. येतील."

"मी जाहिरात करत नाही."

"मग दार तरी लावा," तो म्हणाला आणि जाताना त्यानेच ते ओढून घेतले.

थोड्याच वेळात मुलाचा फोन. बातमी ठाण्याला पोहोचली होती.

"बाबा, आवाज किती ठेवता? एकदा कान दाखवून घेऊ या का?"

"दाखवतो. तू ये, दाराबाहेर उभा राहा, एक शब्द बोलू नकोस. तूच आहेस हे मी आतून ओळखतो की नाही बघ."

"बाबा, भांडू नका हो."

"येतोस का?"

"या महिन्यात कठीण आहे."

फोन ठेवून मी चित्रपट पुढे सुरू केला. इथे एक गोष्ट मान्य करणे भाग आहे, आणि ती मी यंत्राविषयीची म्हणून मान्य करतो. दार लागल्यावर आवाज सुधारला. इतका वेळ खर्ज बाहेर सांडत होता; आता तो खोलीत भरून राहिला, छातीला लागला. मधल्या स्पीकरातून कुजबुजसुद्धा स्वच्छ आली. मला हवा होता तो आवाज हाच, आणि तो बंद दाराआडच मिळत होता. सतरंजीच्या मधोमध बसून मी तो ऐकला. स्वयंपाकघरात दूध झाकलेले होते.

पडद्यावर गोळीबार चालू असताना बाहेर चपला वाजल्या. शेजारीण उजवा पाय किंचित ओढते; तो फरफटता आवाज मला तुटलेल्या धाग्यासारखा वेगळा ऐकू आला. ती माझ्या दाराशी येऊन थांबली. मी आवाज कमी केला नाही. हाक मारावी असे एकदा ओठांवर आले. चाळीत जन्म काढलेल्या माणसाला आपल्या शेजारणीला 'या' म्हणावे लागावे, हे मला जमेना. बंद दारावर टकटक करणे तिलाही माहीत नव्हते; चाळीत तिने ते कधी केलेच नव्हते. चपला पुढे गेल्या. लिफ्टचे दार उघडले आणि लागले.

तेव्हापासून रविवारी दुपारी मी दाराच्या फटीत माझी एक चप्पल अडकवून ठेवतो. फट आतली सतरंजी दिसेल एवढीच. खर्ज थोडा सांडतो. मोजमाप मी बदललेले नाही. यंत्राच्या मते खोली अजून भरलेली आहे. दूध उरते, त्याचे दही लावतो. सेक्रेटरी आता सांगत फिरतो की विसरभोळेपणामुळे काकांकडून दार नीट लागत नाही.

तेही खोटे आहे.