ऑप्शनला टाकलेला धडा

आमगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. क्वांटमचा धडा आला की खडू खाली ठेवून सांगायची, "हा ऑप्शनला टाका. दोन-चार मार्कांसाठी डोकं कायले शिणवता?" पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश.

आणि माझी नात नेमकी त्याच धड्यावर पोट भरायला निघालेली. गोंदियात बीएस्सी, नागपुरात एमएस्सी, मग बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधनाची जागा. पुण्याची सॉफ्टवेअरची नोकरीही हातात होती. प्रयोगशाळेला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि ही सकाळपासून माझ्यासोबत तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"काऊन गं, मेल पाठवून नाही राहिली?"

"तिथं सगळे मोठ्या कॉलेजातले, आजी. मुलाखतीत मला दोन प्रश्न आले नाहीत. चुकून घेतलं असेल. तुझं बरं, तुला लग्नामुळे संशोधनाला जाता आलं नाही."

लग्नाचं ते मीच पसरवलेलं. खरं असं, की मलाही संशोधनाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. पण एमएस्सीला मी क्वांटम ऑप्शनलाच टाकलेलं. तेच विचारलं तर? म्हणून ही शूर बाई दरेकशाला मावशीकडे जाऊन बसली आणि तारीख उलटल्यावर परत आली. लग्न त्यानंतर दोन वर्षांनी ठरलं. पुढं वर्गात हीच बाई चष्मा नाकावर चढवून सांगायची, परीक्षेला घाबरायचं नाही.

सगळं नातीला सांगितलं. शेंग तिच्या हातातच राहिली.

"म्हणजे आजोबांवर उगाच आळ?"

"ते म्हणत, तेव्हा तर मी तुले ओळखतबी नव्हतो. मी म्हणायची, चूप बसा."

ती हसायला लागली ती थांबेचना.

"तुले दोनच प्रश्न नाही आले," मी म्हटलं. "मले तर प्रश्न ऐकायचीबी हिंमत झाली नाही."

तिनं हात पुसले आणि मेल पाठवला. मेल गेला की नाही ते मी चष्मा लावून दोनदा पाहिलं. आमच्या रक्ताचा भरवसा नाही.

आता तिचं काम एका पिंपाएवढ्या यंत्रावर चालतं. आतली चिप भयंकर गार ठेवायची, जराशी ऊब लागली की गणित बिघडतं. दर रविवारी फोनवर ती मला तो धडा शिकवते. परवा मी म्हटलं, "हे राहू दे, पुढं चल."

"वही काढ, आजी," ती म्हणाली.

काढली.