विभावरीबाईंचं पुढचं विमान

विभावरी वैरागडे यांची सही मिळवताना जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. बाई तपासणी विभागात. माल पास करायचा तर तपासून सही, नापास करायचा तर कारण लिहून सही. साहेब समोर उभा असला तरी वाचल्याशिवाय पेन उघडायचं नाही. एकतीस वर्षं हेच केलं. निवृत्त होऊन चेरीतालच्या घरी बसल्या तरी सवय काही गेली नाही. गॅसवाल्याची पावतीसुद्धा त्या चष्मा लावून वाचतात, मग तो बिचारा उन्हात का उभा राहीना!

तर त्यांच्या भाचीचं, धाकट्या भावाच्या मुलीचं, लग्न ठरलं. ठरलं म्हणजे क्षमानं स्वतःच ठरवलं. बंगळुरूला, जातीबाहेरच्या मुलाशी, रजिस्टर पद्धतीनं. तिच्या बापानं, श्रीरंगनं, राइट टाउनच्या घरी सगळ्या नातेवाइकांना बसवून सांगितलं, "त्या लग्नाला आपल्या घरचं कुत्रंही जाणार नाही."

"कुत्र्याला नको पाठवू," विभावरीबाई म्हणाल्या, "मी जाऊन राहिली."

आणि त्याच्या नाकावर टिच्चून तिकीट काढलं. एक विमान जबलपूरहून, मध्ये उतरून दुसरं. पण तिकीट एकच. लग्न शुक्रवारी सकाळी अकराला.

गुरुवारी दुपारी विमानतळावर पोचतात तर काय, विमान दोन तास लेट! पुढचं विमान साडेपाचला आणि हे तिथं टेकणार सव्वापाचला. काउंटरवरच्या गोडबोल्या पोरानं एक छापील कागद पुढं सरकवला. "आंटीजी, यहाँ साइन कर दीजिए, कल शाम की सीट पक्की."

उद्या संध्याकाळी! तोवर लग्न लागून लोक जेवून घरी गेले असते.

बाईंनी चष्मा लावला. प्रवासी स्वतःच्या इच्छेनं प्रवास पुढं ढकलत आहे, असं कागदावर लिहिलं होतं. त्यांनी पोराच्या छातीवरची पाटी वाचली: सुशांत उमरेडकर. बाई लगेच मराठीवर आल्या.

"काय रे, विमान तुमचं लेट, आणि इच्छा माझी? कारण लिही इथं. विमान उशिरा, म्हणून पुढचं हुकणार. खाली तुझी सही कर, मग मी करते."

"समजते आंटी, पर ऐसा लिख नहीं सकते."

कसा लिहिणार! तिकीट एकच, त्यामुळे तसं लिहिलं की प्रवाशाला शेवटपर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनीच्या गळ्यात. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय?

मागे वळून बघतात तर रांगेत तोच कागद हातात घेऊन आणखी माणसं. एकानं तर पेनही उघडलं होतं. "बंगलौर जाने वाले कोई साइन मत करो!" बाई गरजल्या. दहा जण पुढं आले. बाईंनी वहीच्या पानावर आपलं धरून अकरा नावं लिहिली. एका माणसासाठी विमान थांबत नाही, हे त्यांना कळत होतं. पण अकरा खुर्च्या रिकाम्या न्यायच्या म्हटल्यावर कंपनीलाही विचार करावा लागतो.

आतून मॅनेजर आली, विनता नावाची. तिनं बाईंना बाजूला घेतलं आणि हळूच हिंदीत सांगितलं, दुसऱ्या कंपनीच्या विमानात एक जागा आहे, अर्ध्या तासात निघतं, आज रात्रीच पोचाल. फक्त बाकीच्यांना सही करायला सांगा.

खोटं कशाला बोला? हो म्हणून टाकावं असं बाईंना फार वाटलं. क्षमाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. तेवढ्यात श्रीरंगचा फोन.

"ताई, विमान लेट दाखवून राहिलं. देवालाच मंजूर नाही. घरी ये."

"देवाला मध्ये आणू नको. विमान कंपनीचं आहे. अन् तू काहून एवढा खूश?" बाईंनी फोन ठेवला आणि विनताकडे वळल्या. "जाएँगे तो ग्यारह. नहीं तो ग्यारह यहीं बैठेंगे. अपने ऊपरवालों को फोन लगाइए."

ते दुसरं विमान त्यांच्या डोळ्यांदेखत उडालं. आपण पोरीचं वाटोळं तर नाही ना केलं? त्यांनी कुणाला काही दाखवलं नाही, खुर्चीवर ताठ बसून राहिल्या.

वीस मिनिटांनी सुशांतच धावत आला. पुढचं विमान थांबवणार होते. अकरा जणांसाठी शिडीपाशी बस, आणि सामान परस्पर या विमानातून त्या विमानात.

शुक्रवारी साडेदहाला विभावरीबाई विवाह नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या. मुलाकडची पंधरावीस माणसं एका बाजूला, नव्या साड्यांत, हसतबोलत. दुसऱ्या बाजूला क्षमा, दोन मैत्रिणींबरोबर. आत्याला बघून ती धावत आली. मग तिची नजर आत्याच्या मागे दाराकडे गेली.

"बाबा?"

"नाही आला."

पोरीचे डोळे भरून आले. बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. "रडणं मग. आधी सांग, तुझ्याकडच्या माणसांनी कुठं उभं राहायचं?"

"आत्या, माझ्याकडची तू एकटीच आहे."

"तर मग सरका जराशा," विभावरीबाई मैत्रिणींना म्हणाल्या आणि त्या सगळ्या रिकाम्या बाजूच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.