फोनला वाटलं, मलाच दिवस गेलेत

बांगडी घालायची असते मनगटात, पण ती अडते मुठीवर. हे ज्याला कळलं त्याला आमचा धंदा कळला. माझ्या सुनेनं फोनवरून बांगड्या विकायला काढल्या तेव्हा पहिल्या खेपेतल्या बऱ्याच पेट्या परत आल्या, कारण बायकांनी मनगट मोजून माप कळवलं होतं. मी दुकानातल्या स्टुलावर बसले होते आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, घ्या! कामशेतच्या बाजारातली बांगडी अशी हवेतून जाते होय? तिला भरणारी लागते, माझ्यासारखी.

सून लोणावळ्याची. हार मानणं तिच्या माहेरी शिकवलेलं नाही. तिनं एक छोटी चित्रफीत केली. अंगठा तळहातात मुडपायचा, बोटं जुळवायची, हात पट्टीशेजारी कागदावर ठेवायचा आणि फोटो पाठवायचा. चेहरा नको, नाव नको, फक्त हात. फोटो आला की ती माप ओळखते, अडलं तर मला दाखवते, पेटी पोचली की फोटो पुसून टाकते. परत येणाऱ्या पेट्या जवळजवळ थांबल्याच. आता आमच्या बांगड्या नागपूरला जातात, दुबईला जातात, आणि मी कधी खंडाळ्याच्या घाटाखालीसुद्धा धड उतरलेली नाही.

तुम्हाला वाटेल, सासू असून सुनेचं कौतुक करते, म्हणजे म्हातारीला काहीतरी हवंय. नाही हो. मी तरुणपणी काय होते ते मला आठवतं, म्हणून कौतुक वाटतं.

तेव्हा मी खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून आंदर मावळात पायी फिरायची. एसटी एखादी, तीही तिच्या मर्जीची. ओटीवर बसायचं, बाईचा हात मांडीवर घ्यायचा आणि दाबत दाबत बांगडी चढवायची. हात हातात आला की घर कळतं. आणि बांगडी भरताना दुखतं, म्हणून बाई बोलत राहते. एका वाडीत ऐकलेलं पुढच्या वाडीत माझ्या तोंडून चहाबरोबर उतरायचं. तिसऱ्या महिन्यात कुणा गरोदर पोरीची चोरचोळी व्हायची, अगदी दार लावून, कुणाला कळू नये म्हणून. आणि मी ती चोळी पार डोंगरापलीकडे जाहीर करून यायची. मला वाटायचं, काय आपला मान! प्रत्येक दारात चहा! तो चहा बांगड्यांचा नव्हता, बातम्यांचा होता, हे कळायला केस पिकावे लागले. सुनेला मी म्हणते, तुमचं इंटरनेट आमच्याकडे कधीच येऊन गेलंय. फक्त त्याच्या टाचांना भेगा होत्या.

आणि अशी ही मी, दुकानासाठी नवा फोन आला तेव्हा घाबरले कशाला? तर तो आपल्याला बघतो म्हणून! कुणीतरी सांगितलं होतं, फोनला डोळा असतो आणि तो मिटत नाही. मी दुकानातल्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली काढली आणि त्याच्या डोळ्यावर चिकटवली. सुनेनं सकाळभर बांगड्यांचे फोटो काढले, सगळे मरून अंधार. बिचारी फोन घेऊन लोणावळ्याला गेली. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं नखानं टिकली काढून तिच्या हातावर ठेवली म्हणे. घरी आल्यावर ती टिकली तिनं माझ्या चष्म्याच्या काचेवर चिकटवली आणि चहा टाकायला गेली.

तर, मुद्द्याची गोष्ट पुढे आहे.

एका दुपारी सुनेनं मला एक फोटो दाखवला. "अम्मी, हिला मागं दोन-चारच्या दिल्या होत्या. आता म्हणते सैल पाठवा. हिरव्या. दोन-सहाच्या देऊ?"

फोटोत नाव नाही, चेहरा नाही. पण करंगळीच्या मुळाशी विळ्याचा जुना वण होता, आणि त्या हातात लग्नाचा चुडा मीच भरला होता. आंदर मावळातल्या माझ्या जुन्या मैत्रिणीची सून. नवरा-बायको दोघं तळेगावला राहतात, कंपनीत कामाला आहेत. हात टचटचीत सुजलेला.

"दोन-आठच्या पाठव," मी म्हटलं. "सातव्या महिन्यात दोन-सहा चढायची नाही."

सुनेचा चेहरा पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हातानं."

तिनं फोन पालथा घातला आणि माझ्यासमोर बसली. मग तिनं सांगितलं. त्या पोरीला आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा हातचं गेलं. दोन्ही वेळा सासूनं आनंदानं गावभर पेढे वाटले होते, आणि नंतर ज्या ज्या दारात पेढा गेला होता त्या त्या दारातून 'काय झालं गं?' ऐकावं लागलं. या वेळी तिनं कुणालाच सांगितलेलं नाही. सासूला नाही, माहेरीसुद्धा नाही. नवरा आणि डॉक्टर सोडले, तर फक्त आमच्या सुनेला माहीत, तेही मापापायी. घरातल्या घरात हिरव्या बांगड्या तरी घालाव्यात, एवढीच तिची हौस.

"तुम्हाला शपथ घालत नाही अम्मी," सून म्हणाली, "तुम्हाला झेपायची नाही. फक्त बाजारच्या दिवशी तोंडात सुपारी ठेवा."

बघा, काय मान ठेवते!

मला मात्र त्या सुजेची काळजी लागून राहिली. माझा वेगळा छोटा फोन आहे, त्यात बटण दाबून बोललं की उत्तर येतं. मी विचारलं, सातव्या महिन्यात हात सुजतात का? त्यानं मराठीत, न खेकसता, सगळं सांगितलं. थोडी सूज येतेच, पण एकदम वाढली, तोंड सुजलं, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लगेच डॉक्टरकडे जा. आमच्या काळी हे विचारायचं म्हणजे आधी चार जणींना कळायचं आणि मग चार जणींची चार उत्तरं. मी सुनेला ते ऐकवलं, तिनं ते त्या पोरीला कळवलं. पोरगी डॉक्टरांना दाखवून आली, सगळं ठीक निघालं. त्या दिवशी मी त्या फोनची अलाबला घेतली असती.

दुसऱ्या दिवशी मी रेसिपी बघायला फोन उघडला तर समोर पाळणा. लाकडी, झालरवाला. खाली सरकवलं तर झबली. मग पोटावरच्या वळांचं तेल. मग गरोदर बाईच्या ताकदीची पावडर. फोनला वाटलं, मलाच दिवस गेलेत! माझी कवळी रात्री वाटीत असते, आणि हा मला झबली दाखवतो.

मी पाकिटातली एक टिकली काढली. सुनेनं हात धरला.

"अम्मी, डोळा झाकून काय होणार? तो तुमच्या बोलण्यावरून ओळखतो, तुमचं बोट कशावर थांबलं त्यावरून ओळखतो. आणि मग तेच विकतो."

"म्हणजे बोटावरून ओळखायचं आणि वाडीवाडीला सांगत सुटायचं?"

"हो."

"अगं, मग ही तर मीच!"

खोटं कशाला बोलू, मला त्याच्याबद्दल थोडा जिव्हाळाच वाटला. पण थोडाच. कारण बाजारच्या दिवशी माझी मैत्रीण आली, त्या पोरीची सासू. पिशवी टेकवली, पाणी प्याली, आणि गल्ल्याजवळ पडलेला माझा फोन सहज उचलून बघायला लागली. नातवंडांचे फोटो मी तिला नेहमी दाखवते, त्या सवयीनं.

"आगं भाबी, ह्यो पाळणा कुणाचा?"

सून पेटी बांधत होती, तिचा हात जागीच थांबला. माझ्या तोंडात सुपारी होती, पण सुपारीनं कुठं काय अडतं? ते गुपित जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, बसच्या दारात उभ्या राहिलेल्या कंडक्टरसारखं.

"माझाच," मी म्हटलं. "सातवा लागलाय."

मैत्रीण असली हसली, असली हसली, की मागच्या कप्प्यातल्या बांगड्या किणकिणल्या. "व्हय की! म्हणूनच गालावर त्येज आलंय! आन् डव्हाळं कशाचं लागल्यात?"

"वडापावचे."

हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मग ते पुसणं थांबेचना. "माजी सून गावाकडं येत न्हाई गं. सनाला आली न्हाई, जत्रंला आली न्हाई. फोन केला की काम हाय म्हंती. माज्यावर राग धरलाय का, तुज्या सुनंला तरी काय बोलली का? दोगींचं बोलणं असतंय म्हनं."

माझी सून म्हणाली, "मावशी, ती फक्त बांगड्यांचं बोलते. पण तुम्ही आठवण काढली, एवढा निरोप देते."

मी खाली मान घालून माळ ओवत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला ठाऊक असलेली गोष्ट मी एका रडणाऱ्या बाईला सांगितली नाही. ती गेल्यावर मी सुनेवर उसळले. "सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? आनंदाची तर गोष्ट!"

"आनंद तिचा आहे अम्मी. कधी वाटायचा ते तिनं ठरवायचं. निरोप मात्र आपण पोचवू." आणि तिनं तेवढाच निरोप टाकला: सासूबाई दुकानात आल्या होत्या, तुमची आठवण काढून रडल्या.

पलीकडून विचारणा आली, आत्याबाई पुढच्या बाजाराला दुकानात असतील का? सासूला ती आत्याबाई म्हणते.

पुढच्या बाजाराला मैत्रीण स्टुलावर बसलेली असताना माझ्या सुनेचा फोन वाजला. तिनं तो मैत्रिणीच्या हातात दिला. पडद्यावर पोरगी, पोट दिसेल अशी बसलेली, आणि शेजारी नवरा आमची पेटी उघडून.

"आत्या, राग नाही ओ," पोरगी म्हणाली. "मला भ्या वाटत होतं. पेढ्याचं भ्या."

मैत्रिणीनं तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही. बोलायला मला लागलं, कारण तिकडे तो नवरा बायकोच्या हातावर बांगडी ढकलत होता, खिळा ठोकल्यासारखी. पहिली वाढलीच. फुटली म्हणत नाहीत आमच्यात.

"अरे थांब! अंगठ्याखालचं मांस दाब आधी. हात साबणानं ओला कर. तू बांगडी ढकलू नको, हात बांगडीत ने."

मग मैत्रिणीचा हात तोंडावरून निघाला. "आरं दाब की नीट! तुज्या बानं न्हाई शिकीवलं, मी शिकीवते तुला! हळू, मुडद्या!"

एकेक बांगडी चढत गेली. तळेगावातल्या हातात कामशेतची बांगडी, आणि आंदर मावळातली सासू ती डोळ्यांनी भरताना. माझे पाय इतकी वर्षं झिजले, पण एवढ्या लांबचा हात मला कधी भरता आला नव्हता. मी मनातल्या मनात त्या काचेच्या तुकड्याला सलाम केला.

"कुणाला सांगू नका हं आत्या, बाळ हातात येईपर्यंत," पोरगी म्हणाली.

"माजी वाचा बसली तर बसू दे, न्हाई सांगत," मैत्रीण म्हणाली. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. "भाबी, तुला ठावं हुतं?"

केवढा मोठा क्षण होता माझा! मी सावरून बसले. "होतं."

"चल! तुला ठावं असतं तर आतापत्तुर पार घाटाखाली पोचलं असतं." आणि पिशवी उचलून ती एसटीला निघून गेली. माझी सून पेटीवर चिकटपट्टी लावण्याचं नाटक करत खांदे हलवून हसत होती. जन्मात एकदाच गुपित राखलं, तर त्याचीही साक्ष द्यायला कुणी नाही.

बाळ सुखरूप हातात आलं, पेढे गावभर वाटून झाले, त्यालाही आता बरेच महिने झाले. हे लिहायच्या आधी मी त्या पोरीला विचारलं. विचारायची सवय मला नवीन आहे, आणि ती सुनेकडून लागली. फोन मात्र कुणाला विचारत नाही. तो त्याच्या हिशेबानं माझं मूल वाढवतोय. झबल्यांनंतर त्यानं मला खुळखुळे दाखवले, मग मऊ खिमटाची पाकिटं. परवा बाजारात मैत्रीण आली आणि तिनं पुन्हा तो उचलला. पडद्यावर पांगुळगाडा होता.

"भाबी, तुजं पोर चालाया लागलं व्हय?"

"मग? तुझ्याच नातवाच्या वयाचं आहे ते," मी म्हटलं.