निरोप दिला आहे

शिरवळच्या कारखान्यात मला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि तोवर आयुष्यात मोजून पाच-सहा वेळा फोनवर बोलले होते. मुलाखतीत हे मी सांगितलं नाही. प्रशासन विभागाचे साहेब म्हणाले, "बाहेरच्या माणसाला आमच्या कंपनीचा पहिला आवाज ऐकू येणार तो तुमचा. तो नीट पाहिजे." मी "हो सर" म्हणाले. ते 'हो' मी किती जपून म्हणाले ते माझं मलाच ठाऊक.

मी कुंडलची. आमच्याकडे सगळं 'हाय' आणि 'न्हाई'. कॉलेजात निबंध चांगले लिहायची, पण लिहिणं वेगळं आणि घंटा वाजल्याबरोबर तोंडातून निघणारं वेगळं. राहायची सोय लोणंदला मावशीकडे झाली होती. सकाळी पावणेसातच्या एस.टी.त बसलं की शिरवळ येईपर्यंत मी पुटपुटत राहायची, 'नमस्कार, बोला. आपल्याला कोण हवं आहे?' एकदा शेजारच्या बाईंनी विचारलं, "जप करतीयास व्हय गं?" मी मान हलवली.

ऑफिस नऊचं, मी आठला हजर. बोर्ड, म्हणजे जिथे बाहेरच्या लाइनी येतात आणि आतले फोन जोडले जातात ते यंत्र, शिपायाने पुसलेलं असलं तरी पुन्हा पुसायची. आतले सगळे नंबर पाठ केले होते. जागेवरून उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायची. डबा चार घासांत संपवायची आणि तेवढ्यातही एक डोळा बोर्डवरच्या दिव्यांवर. मावशी म्हणायची, "नोकरी करतीस का रोज परीक्षा देतीस?" मला वाटायचं, परीक्षाच आहे की. सहा महिन्यांनी कायम करणार होते, तोवर काही खरं नव्हतं.

एक नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. कामगारांच्या घरून फोन आला तर निरोप वहीत लिहायचा आणि साडेबाराच्या सुट्टीत चिठ्ठी पाठवायची. कामाच्या वेळात कुणाला बोलवायचं नाही. माझ्या आधीची मुलगी प्रत्येक फोनला आत निरोप धाडायची म्हणून तिला घरी बसवलं, असं शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईंनी मला हळूच सांगितलं होतं. त्या चांगल्या मनाने बोलल्या, पण मी धसकाच घेतला.

तिसरा महिना चालू होता. त्या दिवशी मुंबईहून मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं यायची होती. साहेब सकाळीच दोनदा येऊन बजावून गेले होते, "आज जागा सोडायची नाही." मी इस्त्रीची साडी नेसून ताठ बसले होते. साडेनऊच्या सुमाराला बाहेरची लाइन वाजली.

"आवं ताई, कंपनीच का ही? आमचं मालक तितं प्रेसवर कामाला हायती. त्यास्नी जरा बोलवता का?"

मी नाव विचारलं. ती घुटमळली. नवऱ्याचं नाव घ्यायची तिला सवय नव्हती. मला हे कळत होतं, माझी आईही घेत नाही. तरी मी म्हणाले, "पूर्ण नाव सांगितल्याशिवाय निरोप घेता येणार नाही." तिने एका दमात नाव सांगितलं आणि पुढचंही. सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर आंघोळीचं उकळतं पाणी सांडलं होतं. साताऱ्याच्या दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून ती बोलत होती. "डाक्टर म्हणत्यात पुण्याला न्या. जीप बघतोय आमी. त्यास्नी सांगा एवढं."

"साडेबारा वाजता निरोप देण्यात येईल," मी म्हणाले.

"म्हंजी कवा?"

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, आणखी सावकाश. ती माझ्या गावच्या बायकांसारखीच बोलत होती, आणि मी जितकं शुद्ध बोलत गेले तितका तिचा आवाज खाली जात गेला. फोन ठेवून मी वहीत वेळ आणि निरोप सुवाच्य अक्षरात लिहिला.

दहा वाजता पाहुणे आले. चौघेजण माझ्या टेबलापुढे उभे होते, साहेब त्यांच्याशी हसून बोलत होते, आणि लाइन पुन्हा वाजली. तीच होती. आता मात्र घाईत.

"जीप मिळाली. निघतोय आमी. सव्वाअकरापातूर शिरवळच्या फाट्याव येतो, त्यास्नी तितं उभं ऱ्हायाला सांगा. मगाचं सांगितलं न्हवं तुमी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हो, निरोप दिला आहे."

"लय उपकार झालं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

पाहुणे साहेबांबरोबर आत गेले. मी प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रे दाबून भाग काढायच्या विभागाच्या, सुपरवायझरला इंटरकॉम लावला. यंत्रांच्या आवाजात तिथला फोन बहुधा कुणाला ऐकूच जात नसे. दहा-बारा घंट्या होऊन बंद झाला. पुन्हा लावला, तेच. मग मी स्वतःला समजावत बसले, की आणखी थोड्या वेळाने लावू, की जीपला घाटात उशीर होईलच. स्टोअरचा फोन अकाउंट्सला जोडला, पुण्याच्या एका माणसाला चुकीच्या साहेबांकडे दिलं. शिपाई पाहुण्यांच्या चहात गुंतला होता. समोरच्या घड्याळाचा काटा साडेदहावर आला, मग पावणेअकरावर. दर वेळी उठायचं ठरवायची आणि कुठली तरी लाइन वाजायची, आणि ती वाजली याचं मला बरं वाटायचं. हे आज लिहितानाही लाज वाटते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी टायपिस्ट बाईंना म्हणाले, "जरा बोर्ड बघा."

"अगं, साहेब आत आहेत," त्या म्हणाल्या.

मी पळाले. प्रेस शॉपमध्ये मी कधी गेले नव्हते. सुपरवायझरने एका यंत्राकडे बोट केलं. तिथल्या माणसाला माझं काही ऐकू येत नव्हतं. मी त्याच्या कानाशी ओरडले, "आवं दादा, पोरगी भाजलीया तुमची. जीप येतीया फाट्याव, पळा." त्याने माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं, यंत्र बंद केलं आणि तेलाचे हात तसेच घेऊन धावत सुटला. मी वळले तर दाराशी साहेब आणि मुंबईचे पाहुणे उभे होते.

दुपारी साहेबांनी बोलावलं. रागावले असं नाही, पण आवाज कोरडा होता. "फोन कधी आला होता?"

"अकराला, सर," मी म्हणाले. वहीत माझ्याच अक्षरात साडेनऊ लिहिलेलं होतं. त्यांनी वही मागितली नाही.

"ठीक आहे. पण इथून पुढे जागा सोडायची नाही."

पुढचे दिवस मी कसे काढले सांगता येत नाही. बाहेरची लाइन वाजली की आधी घड्याळाकडे बघायची. मावशीकडे जेवण जात नव्हतं. तिला काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने सरळ विचारलं असतं, की बाई गं, तुला उठायला काय झालं होतं. तो माणूस कामावर येतो का, हे गेटवरच्या रखवालदाराला रोज विचारायची.

तो दहा दिवसांनी आला. कामावर जायच्या आधी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. मुलगी पुण्याच्या दवाखान्यात होती, जिवावरचं टळलं होतं, हातावर आणि मानेवर व्रण राहणार होते.

"तुमच्यामुळं गाठ पडली," तो म्हणाला. "मंडळी फाट्याव थांबली हुती."

"किती वेळ?"

"पंधरा-वीस मिंटं आसंल."

मला बसवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, तुमच्या घरच्यांचा पहिला फोन साडेनऊला आलावता. मी सांगितलं न्हाई तुमाला. आणि सांगितलंय म्हणून त्यांना खोटं बोलले."

"ठाव हाय," तो म्हणाला. "ती म्हणाली मला जीपमदीच."

"मग माझ्यामुळं गाठ पडली म्हणून कशाला सांगताय?"

"पळत आलासा न्हवं. पर खोटं बोलाय नगं हुतं. दिला न्हाई म्हणला असता, तर ती थांबली नसती फाट्याव. तशीच म्होरं गेली असती. पोरगी लय रडत हुती जीपमदी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. भोंगा झाला तसा तो आत गेला. टायपिस्ट बाई खाली मान घालून टाइप करत होत्या.

सहा महिने भरल्यावर मला कायम केलं. कामाची पद्धत समाधानकारक, असं पत्रात होतं. पत्र हातात पडल्यावर दोन दिवसांनी मी साहेबांना लेखी अर्ज दिला, की दवाखान्याचे आणि अपघाताचे निरोप तरी लगेच आत देण्याची परवानगी असावी. आधी नाही दिला, पत्र आल्यावरच दिला. साहेबांनी उभ्या उभ्या वाचला आणि खाली सही केली.

"अशा निरोपाला कोण नाही म्हणणार," ते म्हणाले. "पहिल्याच महिन्यात विचारायचं होतं."

मी त्या बोर्डवर आणखी चार वर्षं काढली. मग लग्न होऊन सांगलीला गेले.