तीन नंबरचा ब्लॉक

पुण्याला पाठवायचा ब्लॉक निवडत मी कपाटासमोर उभी होते आणि डोक्यात फक्त सुनंदा होती.

धाराशिवमध्ये माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. सुनंदा माझी एमडीची मैत्रीण. माझ्या जर्नलमधल्या आकृत्या उतरवून पास झालेली. गाठीचा तुकडा कुठून कापायचा, तेही तिला मीच शिकवलं. आता ती पुण्यातल्या मोठ्या लॅबची प्रमुख, परिषदांत भाषणं देते. मी लग्न करून इथं आले आणि शुगर, थायरॉइड तपासत बसले. खोटं कशाला बोलू, जळत होते मी.

पेशंट आमच्याच जिल्ह्यातल्या ईट गावचे निवृत्त गुरुजी. फुफ्फुसातली गाठ सोलापुरात काढली, पण तपासायची ती आमच्या मॅडमकडंच, असा त्यांचा हट्ट. गाठीचे तुकडे आम्ही मेणात बसवून जपतो, त्याला ब्लॉक म्हणतात. गुरुजींचे चार होते.

वय बघता आता केमो द्यावी की नाही, यावर सोलापूरचे डॉक्टर अडले होते. बिघडलेली पेशी एरवी आपणहून मरते. ते मरण घडवणारी आणि अडवणारी, दोन्ही प्रोटीन्स पेशीत असतात. गाठीत ती किती आहेत यावरून आजार पुढं कसा वागेल, याचा थोडाफार अंदाज येतो. नुसत्या त्यावर निर्णय होत नाही, पण डॉक्टरांना तोही हवा होता. स्लाइडवर ती प्रोटीन्स रंगवून बघायची ही टेस्ट आमच्याकडं होत नाही, सुनंदाच करायची.

चांगला ब्लॉक हातचा सोडायचा नाही, परत येईल याचा भरवसा नसतो, अशी आमच्या धंद्यातली रीत. त्या रीतीचा आडोसा घेऊन मी तीन नंबरचा पाठवला. त्यात बऱ्याचशा मेलेल्या पेशीच होत्या, त्या नीट रंगत नाहीत. बघू म्हटलं, बाईसाहेब काय दिवे लावतात.

आठ दिवसांनी गुरुजी एसटीनं आले. बाकावर टेकले.

"मॅडम, लई दिस झाले की. घरात कुणी जेवना झालंय."

तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. आत जाऊन घेतला.

"स्लाइडवर जे रंगायलाच हवं, तेसुद्धा रंगलं नाही. हा तुकडा तुझ्या हातचा वाटत नाही गं. चांगला असेलच तुझ्याकडं."

"आहे. मुद्दाम ठेवला होता," मी म्हणाले.

ती म्हणाली, "पाठव. टिश्यू कमी पडला, असं कळवते डॉक्टरांना."

एक नंबरचा ब्लॉक त्याच दिवशी गेला. रिपोर्ट बरा आला. बाकीचं सगळं जमेस धरून डॉक्टरांनी केमो टाळली, नियमित तपासणी ठेवली. गुरुजी पेढे घेऊन आले आणि माझ्या पाया पडायला लागले. मी त्यांना मध्येच धरलं.

सुनंदानं ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. त्याचाही मला हेवाच वाटतो.

बाकी शिकले एवढंच की चांगला ब्लॉक आधी पाठवावा. तो आपला नसतो, पेशंटचा असतो.