झाकण उघडलं की थांबणारा पंखा

सुजाताताईंवर अन्याय झाला तो गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, भरदुपारी, धरमपेठेतल्या एका कूलरच्या दुकानात. ताई प्रॉडक्ट डिझायनर होत्या. त्या दुपारी त्यांचंच काम मोडून, वर त्यांचंच नाव लावून, हार घालून विकायला ठेवलं होतं. यंदा एप्रिलमध्ये ताई गेल्या. कॅन्सर होता, त्याचा जाब कोणाला विचारू? पण त्यांच्या आईचा फोन आला, "बाबू, गेली गा सुजाता…" तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दवाखाना नाही, ते दुकान आलं.

आमची ओळख पत्रकामुळे झाली. काटोलची माझी मावशी चालू कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी चौकात उभा राहून पत्रकं वाटतो : 'पाणी भरण्याआधी वीज बंद करा!' ताईंनी एक घेतलं, तिथंच उभ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, "काहून गा, हे वाचून कोणी बटन बंद करते काय?" मी तडकलो. "करायलेच पाहिजे!" त्या हसल्या. "पाहिजे आन् करते, यात लय फरक हाय बाबू. चाल, चहा पिऊ."

त्या चहावर त्यांनी मला त्यांचा कूलर समजावला. झाकण उघडलं की वीज आपोआप तुटणार. माणसानं काही लक्षात ठेवायचंच नाही. पहिला नमुना त्यांनी स्वतःच्या घरी, आईबाबांच्या खोलीत बसवला. आठवडाभरानं ताई मला तो दाखवायला घरी घेऊन गेल्या, तर झाकण सताड उघडं, आई पाइपनं पाणी भरतायत आणि पंखा आपला गरगर फिरतोय! आईंनी झाकणाखालच्या, वीज तोडणाऱ्या खटक्यात काडेपेटीची काडी खुपसून ठेवली होती. मी ओरडलोच. आई शांत. "ओरडू नको बाबू. हिच्या बाबाले आत्ताच डोळा लागला. पंखा थांबला का उठून बसते थो मानूस." ताई खाली बसल्या, ती काडी बघत राहिल्या… मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "लोकं मूर्ख नसतात गा. त्यांले उकडते."

हे वाक्य माझ्या सगळ्या पत्रकांना पुरून उरलं. मी लोकांना शिस्त लावायला निघालो होतो. ताई वस्तूला शिस्त लावत होत्या. मग त्यांनी कूलरला बाहेरच्या बाजूनं प्लास्टिकचं तोंड दिलं. पाइप तिथं लावायचा, झाकण उघडायचंच नाही, बाबांची झोप मोडत नाही. झाकण फक्त साफसफाईला, आणि ते उघडलं की वीज बंद, या वेळी काडी शिरणार नाही अशा जागी खटका. अंगही पत्र्याचं नाही, प्लास्टिकचं. नंतर आईंनी काडी घालून बघितली, नाही जमलं. "आता हारली वं मी," म्हणाल्या, आणि ताई लहान मुलीसारख्या नाचल्या होत्या.

एका कारखानदारानं ते डिझाइन घेतलं. पाडव्याला ताई मला घेऊन दुकानात गेल्या. कूलर दिसायला हुबेहूब तोच. फक्त अंग पत्र्याचं. तोंड पत्र्याचं. झाकण उघडलं, पंखा फिरतच राहिला. खटका गायब! वर चमकदार स्टिकर, 'सुरक्षित कूलर', आणि कूलरवरच्या पाटीवर डिझायनर म्हणून ताईंचं नाव. कारखानदार तिथंच पेढे वाटत होता. म्हणाला, "मॅडम, नाराज क्यों होते? कस्टमर को ठंडी हवा चाहिये. सेफ्टी का स्टिकर लगा दिया ना!" ताईंनी पर्समधून घराची किल्ली काढली आणि पाटीवरचं आपलं नाव खरवडायला लागल्या. तो ओरडतोय, गिऱ्हाईकं बघतायत, आणि ताई खरवडतायत… सगळं नाव जाईपर्यंत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझं नाव वाचून कोणी हात घातला असता ना बाबू, त्यात."

मग आम्ही दारोदार फिरलो. कुणी म्हणालं, तक्रार द्या. कुणी म्हणालं, आधी कुणाला शॉक लागू द्या, मग बघू. हो, असंच म्हणाले! मग ताईंचं दुखणं निघालं. शेवटचं भेटलो तेव्हा वॉर्डात आयाबाई चालू कूलरमध्ये पाणी भरत होत्या. ताई सलाइनसकट उठायला निघाल्या. "बाई, प्लग काढा हो, प्लग!" आयाबाई म्हणाल्या, "काढते ताई, झोपा तुम्ही." काढला नाही. मी उठून काढला. तेवढंच करू शकलो. ते कूलर आजही विकले जातायत, स्टिकरसकट. मी पत्रकं वाटतोय आणि मला माहीत आहे, लोक त्यांचे पंखे करून वारा घेतायत.

परवा ताईंच्या घरी गेलो. दुपार होती, बाबा कूलरसमोर झोपलेले. आईंनी पाइप बाहेरच्या तोंडाला लावला, पाणी भरलं. मग काही गरज नसताना झाकण उचललं. पंखा थांबला. खोली एकदम गप्प झाली. बाबा उठून बसले. "काहून बंद केलं वं?"

"असंच," आई म्हणाल्या. दोघंही थांबलेल्या पंख्याकडे बघत बसले… थोड्या वेळानं आईंनी झाकण लावलं.

ताईंचा कूलर जगात एकच आहे, त्या खोलीत. तुमच्या घरी तो नाही. तुमच्या घरी पत्र्याचा आहे, आणि आत्ता चालू आहे. तुम्हाला उकडतं, मान्य. तरीही ही पुरवणी खाली ठेवा, उठा, आणि पाण्याचा पाइप उचलण्याआधी भिंतीतला प्लग काढा.